ज्याच्यासाठी करार, त्याचा दावा : प्रस्तावना

करार दोघांत होतो, परंतु ज्या हितासाठी तो होतो ते हित पुष्कळदा त्या दोघांपैकी कोणाचेच नसते. दोन भाऊ वडिलार्जित जमीनजुमल्याचे वाटणीपत्र करतात, मातोश्रींच्या अन्नवस्त्राचा आणि औषधपाण्याचा खर्च उभयतांनी निमेनिम सोसावा असे कलम त्यात घालतात आणि पंचांसमक्ष सह्या करून दस्त नोंदवतात. मातोश्रींनी तो मसुदा वाचून दाखवताना ऐकलेला असतो, पण दस्तऐवजावर त्यांची सही वा अंगठा नसतो. पुढे एका भावाने हात आखडता घेतला आणि दुसऱ्याला भाऊबंदकीचा कज्जा नको असला, तर त्या कलमाचा अंमल कोणी मागावा? ज्याने वचन घेतले तो स्वस्थ बसतो, ज्याने दिले तो मोडतो आणि जिच्यासाठी ते दिले-घेतले गेले तिला दिवाणी न्यायालयाच्या उंबरठ्यावर विचारले जाते की, बाई, आपण या करारातील पक्षकार आहात काय? या एका प्रश्नाभोवती दोन सहस्र वर्षांचा कायदेविचार फिरत आला आहे आणि प्रस्तुत लेखसंग्रहाचा विषयही तोच आहे.

कायद्याच्या भाषेत अशा व्यक्तीस त्रयस्थ हिताधिकारी म्हणतात. करारावर तिची सही नसते आणि बहुधा तिने प्रतिफलही दिलेले नसते, तथापि कराराचा लाभ तिला मिळावा हा पक्षकारांचा स्पष्ट हेतू असतो. तिचा दावा मान्य करावा की नाही, करावा तर कोणत्या मर्यादेत, आणि मान्य केल्यावर मूळ पक्षकारांना तो करार परस्पर बदलता येईल काय, या तीन प्रश्नांची निरनिराळ्या देशांनी दिलेली उत्तरे एकमेकांपासून इतकी भिन्न आहेत की नवख्या अभ्यासकाला प्रथमदर्शनी त्यांत एकसूत्रता सापडू नये. ती सूत्रे हाती यावीत एवढ्यासाठी पुढील विवेचन थोडे विस्ताराने करीत आहे.

प्राचीन रोमन विधिशास्त्राचा दंडक कठोर होता. दुसऱ्याच्या लाभासाठी कोणालाही वचन मागून घेता येत नाही, कारण वचन घेणाऱ्याचे स्वतःचे हित त्यात गुंतलेले नसते, असे ते शास्त्र मानी. जस्टिनियनच्या काळापर्यंत या दंडकाला अपवाद पडत गेले आणि त्यांतला एक हुंड्याच्या परतीचा होता हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण विवाह आणि कुटुंब या दोन ठिकाणीच हा दंडक प्रत्येक देशात प्रथम ढिला झालेला दिसतो. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेने रोमन नियम कायम ठेवून दोन अरुंद फटी राखल्या. एकोणिसाव्या शतकात आयुर्विम्याचा प्रसार झाल्यावर फ्रेंच न्यायालयांनी त्याच फटी रुंदावून विधवेला आणि मुलांना विमा कंपनीविरुद्ध थेट हक्क दिला. जर्मन संहिता १९०० साली अमलात आली तेव्हा ही वाट मोकळी झालेली होती, आणि तिच्या ३२८ व्या कलमाने त्रयस्थाच्या लाभाचा करार हा संकोच न बाळगता मान्य केला.

इंग्लंडचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील डटन विरुद्ध पूल या खटल्यात एक पिता मुलीच्या विवाहासाठी पैसा उभा करावा म्हणून आपल्या जमिनीवरील झाडे तोडण्याच्या बेतात होता. जमिनीचा भावी वारस जो मुलगा, त्याने बहिणीस एक हजार पौंड देण्याचे वचन देऊन झाडे वाचवली, आणि पुढे तो फिरला तेव्हा बहिणीने केलेला दावा न्यायालयाने मंजूर केला. एवढ्या स्वच्छ निर्णयानंतर जवळजवळ दोन शतकांनी, १८६१ साली, ट्वेडल विरुद्ध अ‍ॅटकिन्सन हा खटला उभा राहिला. वर आणि वधू यांच्या पित्यांनी वराला अनुक्रमे शंभर आणि दोनशे पौंड देण्याचा लेखी करार केला होता, आणि वराला या रकमांसाठी स्वतः दावा लावता येईल असे त्या लेखातच नमूद होते. वधूपिता रक्कम न देता वारला. त्याच्या मिळकतीच्या व्यवस्थापकाविरुद्ध जावयाने दावा केला आणि प्रतिफल त्याच्याकडून आलेले नाही या कारणाने तो बुडाला. उभय पक्षकारांनी स्वेच्छेने आणि लेखी स्वरूपात दिलेला दावा लावण्याचा अधिकार न्यायालयाने नाकारावा, यात करारस्वातंत्र्याचा कोणता आदर झाला, हे मला आजवर उमगलेले नाही. तरीही १९१५ साली डनलॉप कंपनीच्या प्रकरणात हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये लॉर्ड हाल्डेन यांनी केवळ पक्षकारालाच करारावर दावा करता येतो हे इंग्रजी कायद्याचे मूलतत्त्व होय असे निःसंदिग्धपणे सांगितले आणि हा नियम दृढ झाला.

त्याचा जाच किती टोकाला जाऊ शकतो ते बेझविक प्रकरणात दिसले. लँकेशायरमधील पीटर बेझविक हा वृद्ध कोळसा-व्यापारी. त्याने आपला धंदा पुतण्याला दिला, त्या बदल्यात स्वतःला हयातीपर्यंत दर आठवड्यास साडेसहा पौंड आणि आपल्यामागे पत्नीला दर आठवड्यास पाच पौंड मिळावेत असे ठरवले. म्हातारा गेल्यावर पुतण्याने काकूला एकदा पाच पौंड दिले आणि मग देणे बंद केले. १९६७ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने तिला न्याय दिला, परंतु तो देताना ती स्वतःच्या नावाने दावा करू शकते असे म्हटले नाही. ती योगायोगाने पतीच्या मिळकतीची व्यवस्थापक नेमलेली होती, म्हणून मृत पतीच्या वतीने तिला कराराची यथातथ्य पूर्ती मागता आली. व्यवस्थापक दुसरा कोणी असता, आणि तो पुतण्याच्या बाजूचा असता, तर त्या बाईने काय करावयाचे होते? इंग्लंडमधील विधिसुधारणा समितीने १९३७ सालीच या नियमात बदल सुचवला होता. तो प्रत्यक्षात यावयास १९९९ साल उजाडले. त्या वर्षीच्या अधिनियमाने, करारात नावाने, वर्गाने वा वर्णनाने निर्देशिलेल्या त्रयस्थाला स्वतंत्र दाव्याचा हक्क दिला, त्याने लाभ स्वीकारल्यावर किंवा त्यावर विसंबून पाऊल उचलल्यावर पक्षकारांना त्याच्या संमतीवाचून करार बदलता येणार नाही असे ठरवले, आणि वचनदात्याला मूळ वचनग्रहीत्याविरुद्ध असलेले बचाव त्रयस्थाविरुद्धही मोकळे ठेवले.

अमेरिकेने हा वळसा घेतलाच नाही. लॉरेन्स विरुद्ध फॉक्स या न्यूयॉर्कमधील १८५९ च्या खटल्यात होली नावाच्या इसमाने फॉक्सला तीनशे डॉलर उसने दिले आणि ते दुसऱ्या दिवशी आपला धनको लॉरेन्स याला देण्याचे वचन घेतले. लॉरेन्सचा दावा मंजूर झाला. त्या एका निर्णयातून तेथे एक संपन्न शाखा वाढली, येल विद्यापीठाच्या आर्थर कॉर्बिन यांच्यासारख्या विद्वानांनी तिला शिस्त लावली, आणि हेतुपुरस्सर हिताधिकारी व आनुषंगिक हिताधिकारी असा भेद रूढ झाला. ज्याला लाभ व्हावा हा कराराचाच उद्देश असतो त्याला दावा आहे, ज्याला करारपूर्तीने सहजगत्या फायदा होतो त्याला नाही. रस्ता झाल्याने ज्याच्या दुकानाची विक्री वाढणार, तो दुकानदार रस्त्याच्या ठेकेदारावर फिर्याद घेऊन जाऊ शकत नाही.

आता आपल्याकडे वळू. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या दुसऱ्या कलमातील प्रतिफलाची व्याख्या इंग्रजी नियमाहून उघडपणे उदार आहे, कारण प्रतिफल वचनग्रहीत्याने किंवा अन्य कोणत्याही व्यक्तीने दिलेले चालते असे ती म्हणते. या चार शब्दांनी ट्वेडलचा नियम भारतात गाडला गेला असे अनेकांना वाटले आणि पाठ्यपुस्तकांतून त्याला पुरावा म्हणून मद्रासच्या चिन्नया विरुद्ध रामय्या या निकालाचा हवाला दिला जातो. तेथे एका वृद्धेने बक्षीसपत्राने मुलीला जमीन दिली आणि आपल्या भावंडाला वार्षिक तैनात द्यावी अशी अट घातली. मुलीने तसा करार त्या भावंडाशी केला आणि पुढे मोडला, तेव्हा प्रतिफल आईकडून आले तरी चालते, असे सांगून न्यायालयाने दावा मंजूर केला. परंतु येथे बारकाईने पाहिले पाहिजे. त्या खटल्यातील वादी हा करारातील पक्षकारच होता. त्याच्यापाशी उणे होते ते प्रतिफल. प्रतिफल कोणी दिले हा एक प्रश्न आणि करार कोणाशी झाला हा दुसरा प्रश्न. हे दोन्ही एकच समजण्याच्या सवयीने या विषयात जेवढा गोंधळ माजवला आहे तेवढा दुसऱ्या कशानेही माजवलेला नाही. कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश रँकिन यांनी १९२८ साली कृष्ण लाल साधू प्रकरणात हा भेद स्पष्ट केला आणि दुसऱ्या कलमाने पक्षकार नसलेल्याला दावा दिलेला नाही असे बजावले.

तरीही भारतीय न्यायालये या ठिकाणी थांबली नाहीत, याचे श्रेय ज्या निर्णयाला द्यावे तो १९१० चा नवाब ख्वाजा मुहम्मद खान विरुद्ध नवाब हुसैनी बेगम हा होय. १८७७ च्या ऑक्टोबरात, वधूवर दोघेही अज्ञान असताना, वरपित्याने वधूपित्याशी लेखी करार केला की, सून सासरी नांदावयास आल्यापासून तिला दरमहा पाचशे रुपये खर्च-ए-पानदान म्हणून कायम दिले जातील, आणि या रकमेसाठी त्याने आपली काही मिळकत तारण लावून दिली. खर्च-ए-पानदान म्हणजे तत्कालीन खानदानी मुसलमान कुटुंबांत स्त्रीला वैयक्तिक खर्चासाठी मिळणारी नेमणूक. ती कशी खर्च करावी याचा जाब पतीनेही विचारू नये असा रिवाज असे. सून काही वर्षे नांदली, मग बेबनाव होऊन निघून गेली आणि तुंबलेल्या रकमेसाठी तिने सासऱ्यावर दावा केला. सासऱ्याचे म्हणणे असे की, ती करारात पक्षकार नाही, आणि शिवाय घर सोडून गेली आहे. प्रिव्ही कौन्सिलच्या न्याय समितीवर बसणारे पहिले हिंदी न्यायाधीश सय्यद अमीर अली यांनी निकाल लिहिताना दोन्ही आक्षेप फेटाळले. नेमणुकीला सासरी राहण्याची अट करारात कोठेही नव्हती, आणि मिळकतीवर बोजा ठेवून तिलाच ती रक्कम मिळावी असे ठरले असल्याने समन्यायाने ती दावा करण्यास पात्र होती. त्यापुढे जाऊन त्यांनी एक गोष्ट नोंदवली, जी मला या साऱ्या निर्णयसाहित्यात सर्वांत मोलाची वाटते. जेथे अज्ञान मुलांचे विवाह आईबाप आणि पालकच ठरवतात अशा समाजात इंग्रजी नियम जसाच्या तसा लावला तर गंभीर अन्याय होईल, असे ते म्हणाले. जिच्या आयुष्याचा सौदा होतो ती स्वतः सौद्याला हजर नसते हे वास्तव त्यांनी पाहिले आणि त्यातून नियम घडवला.

पुढील वर्षांत या निर्णयाची छाया दूरवर पडली. मुंबईचे मुख्य न्यायाधीशपद भूषवून नंतर कलकत्त्यास गेलेले सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी १९१३ च्या देवनारायण दत्त प्रकरणात, मिळकत घेताना विक्रेत्याची कर्जे फेडण्याचे पत्करणाऱ्याविरुद्ध धनकोचा दावा मान्य केला, कारण त्याने ती जबाबदारी धनकोपाशीही कबूल केली होती. भावांनी वाटणीत आईच्या पोटगीसाठी पैसे गुंतवण्याचे ठरवले तर आईला ते मागता येतात असे मद्रासने ठरवले. छळाला कंटाळून माहेरी आलेल्या पत्नीला, तिच्या पित्याशी पतीने केलेल्या कराराचा आधार पंजाबात १९०५ सालीच मिळाला होता. परंतु याच काळात, १९११ साली, जमना दास प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलनेच उलट निकाल दिला होता. तेथे मिळकत विकत घेणाऱ्याने गहाणाची रक्कम फेडीसाठी स्वतःपाशी ठेवून घेतली होती आणि गहाण घेणाऱ्या सावकाराला, तुझा या खरेदीदाराशी करार नाही, असे सांगून परत पाठवण्यात आले. एम. सी. चाको विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही प्रवाह एकत्र आणले. सामान्य नियम इंग्रजीच. अपवाद दोन, एक न्यास किंवा बोजा निर्माण झाला असेल तेव्हाचा आणि दुसरा विवाह, वाटणी वा तत्सम कौटुंबिक व्यवस्थेचा. आजचा भारतीय कायदा मुख्यतः तेथेच उभा आहे. त्याला विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या पंधराव्या कलमाची जोड आहे, ज्यान्वये विवाहसंबंधी तजविजीच्या किंवा कुटुंबातील वादग्रस्त हक्कांच्या तडजोडीच्या करारात हितसंबंध असलेल्या कोणाही व्यक्तीला पूर्ती मागता येते.

या विषयातील विचारपंथ स्थूलमानाने तीन. एक पंथ मोबदल्याला सर्वस्व मानतो: ज्याने काही दिले नाही त्याला काही मागता येत नाही. दुसरा पक्षकारांच्या इच्छेला प्रमाण मानतो आणि त्यांनीच त्रयस्थाला हक्क देण्याचे ठरवले असेल तर न्यायालयाने आड येऊ नये असे म्हणतो. तिसरा न्यासाचा आश्रय घेतो, म्हणजे वचनग्रहीता हा त्या वचनाचा विश्वस्त आणि त्रयस्थ त्याचा हिताधिकारी, अशी कल्पना करतो. तिसरा मार्ग इंग्लंडात आणि भारतात पुष्कळ चालला, परंतु तो सोयीचा आहे इतकेच त्याचे समर्थन. पक्षकारांच्या मनात न्यास नसताना न्यायालयाने तो शोधून काढावयाचा आणि नको तेव्हा सापडला नाही म्हणावयाचे, यात निश्चितता उरत नाही. माझा कल दुसऱ्या पंथाकडे आहे हे लपवण्याचे कारण नाही. त्यावरील आक्षेप, की वचनदात्यावर दुहेरी दाव्याचे ओझे पडेल आणि पक्षकारांचे हात कायमचे बांधले जातील, हे गंभीर आहेत. पण १९९९ च्या इंग्रजी अधिनियमाने त्यांना नेमकी उत्तरे दिलेली आहेत. तेथील व्यापारी करारांत त्रयस्थाचा हक्क वगळणारे कलम सर्रास घातले जाते हेही मी नमूद करतो. मात्र त्यावरून इतकेच सिद्ध होते की, ज्यांना हा हक्क द्यावयाचा नाही त्यांचे स्वातंत्र्य अबाधित आहे.

आज हा विषय हाती घेण्याचे प्रयोजन काय? आपल्या विधिमंडळांनी एकेका क्षेत्रापुरता हा नियम आधीच मोडला आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या अधिनियमाने पत्नी वा मुलांच्या नावे काढलेल्या आयुर्विम्याला न्यास मानले आणि १९२३ च्या दुरुस्तीने ते संरक्षण हिंदू, मुसलमान आदी सर्वांना निःसंशय लागू झाले. मोटार वाहन अधिनियमाने अपघातग्रस्ताला, जो विमाकरारात कोणीच नसतो, विमा कंपनीकडून भरपाई वसूल करण्याचा मार्ग दिला. ग्राहक संरक्षणाच्या कायद्याने, पैसे न देता सेवेचा लाभ घेणाऱ्यालाही ग्राहक ठरवले, आणि १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्प्रिंग मेडोज प्रकरणात, आईबापांनी रुग्णालयात दाखल केलेले बालकही तक्रार करू शकते असे सांगितले. परंतु या कायद्यांच्या कुंपणाबाहेर जो राहिला त्याला १९११ चाच नियम भेटतो.

मुंबई-पुण्यातील जुन्या इमारतींचा पुनर्विकास हे त्याचे डोळ्यांपुढचे उदाहरण आहे. विकासकाशी करारनामा करते ती सहकारी गृहनिर्माण संस्था. घर रिकामे करून भाड्याच्या जागेत जातात ते सभासद. विकासकाने भाडे थकवले, काम रखडवले, तर ज्या सभासदाने स्वतंत्र करारनाम्यावर सही घेतलेली नाही त्याला संस्थेच्या कार्यकारिणीच्या इच्छेवर अवलंबून राहावे लागते. विक्रीयोग्य भागातील सदनिका विकासकाकडून घेणाऱ्याची स्थिती त्याहून बिकट. अंधेरीच्या डी. एन. नगर येथील प्रकल्पासंबंधी २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अशा खरेदीदारांचा संस्थेशी करारसंबंध नसतो, आणि विकासकाचा करार रद्द झाल्यावर त्यांना संस्थेविरुद्ध हक्क सांगता येत नाही. संस्थेच्या दृष्टीने हा निकाल न्याय्यच आहे, कारण न पाहिलेल्या खरेदीदारांचे ओझे तिने का वाहावे. तथापि हक्काची विभागणी आधीच निश्चित करणारा सामान्य कायदा नसल्यामुळे तिची मोजदाद प्रत्येक वेळी उद्ध्वस्त झालेल्या माणसांच्या खर्चाने होते.

नामनिर्देशनाचा घोळ याच जातीचा. विमापत्रावर ज्याचे नाव घातले तोच धनी, अशी सर्वसामान्यांची दृढ समजूत असते, परंतु सरबती देवी प्रकरणात (१९८४) सर्वोच्च न्यायालयाने नामनिर्देशित व्यक्ती केवळ पैसे स्वीकारणारी असून रक्कम वारसांची असते असे ठरवले. २०१५ च्या विमा कायद्यातील दुरुस्तीने आईवडील, पती वा पत्नी आणि मुले यांना नामनिर्देशित केल्यास तेच हिताधिकारी होतील असे केले. शेअर, बँकठेव आणि सदनिका यांबाबत नियम निराळे. एकाच कुटुंबात, एकाच मृत्यूनंतर, एकाच नामनिर्देशिताच्या हाती चार प्रकारची मिळकत येते आणि तिचे परिणाम एकसारखे होत नाहीत.

हा संग्रह या विखुरलेल्या प्रदेशाचा नकाशा आखण्याचा प्रयत्न करतो. लेखकांची मते एक नाहीत, आणि संपादनात ती एक करण्याचा अट्टहास केलेला नाही; काहींना न्यायालयांनी अपवाद वाढवत नेणे इष्ट वाटते, काहींना संसदेने एकदाच नियम बदलणे. विवाहकरार, वाटणी आणि पोटगी यांना अधिक पाने दिली आहेत, कारण भारतीय कायद्याचा मूळ विकास तेथेच झाला आणि तालुक्याच्या न्यायालयांत असे दावे आजही उभे राहतात. लवाद कराराने सही न केलेल्या कंपनीला बांधता येते काय, हा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२३ साली हाताळलेला प्रश्न येथे केवळ सीमेवरून पाहिला आहे. त्याला स्वतंत्र ग्रंथ हवा. निर्णयांची वस्तुस्थिती सविस्तर दिली आहे, ती या समजुतीने की नियम पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला तो कोणाच्या घरात आणि कोणत्या अडचणीतून जन्मला हे कळल्यावाचून तो वापरता येत नाही.

संपादक म्हणून माझे एक निवेदन उरते. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ साली आपल्या तेराव्या अहवालात, करारात त्रयस्थाला स्पष्टपणे थेट लाभ दिला असेल तर त्याला स्वतःच्या नावाने दावा करता यावा, अशी तरतूद करार कायद्यात घालण्याची शिफारस केली. मसुदाही तयार होता. इंग्लंड, न्यूझीलंड, सिंगापूर आणि हाँगकाँग या इंग्रजी परंपरेतील देश-प्रदेशांनी तसे कायदे केले. आपल्याकडे ती शिफारस अद्याप अमलात आलेली नाही. करार हा विषय आपल्या संविधानाच्या समवर्ती सूचीत आहे. तेव्हा दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही; महाराष्ट्राच्या विधिमंडळाला राष्ट्रपतींच्या संमतीने ही दुरुस्ती या राज्यापुरती करता येईल. ती करावी, आणि ज्या वाचकांचा विधिमंडळाशी, वकील संघांशी वा विधी महाविद्यालयांशी संबंध आहे त्यांनी तिचा पाठपुरावा करावा, ही माझी विनंती आहे.